पाट्या-वरवंट्याच्या दगडाचं बेट



आज मी तुम्हाला एका बेटावर नेणार आहे. लाव्हारस थंड होऊन झालेल्या दगडाचं बेट, चहूकडे खारं पाणी, चिखलावर उड्या मारणारे मासे आणि थेट लडाखकडून आलेले पक्षी. तुम्हाला वाटेल, बाई परदेशातलं काहीतरी सांगतेय. पण हे बेट आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. नाव घारापुरी. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून साधारण १० किलोमीटर, लाँचने तासाभराची वाट. सकाळी निघालं की संध्याकाळी परत येता येतं.

बचत गटात सहलीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. देवदर्शनाला जायचं तर ठीक, नुसतं बघायला जाण्यात पैसे कशाला घालवायचे? घरची माणसं विचारतात, आणि खरं सांगायचं तर आपणही स्वतःला विचारतो. म्हणून आज नुसती सहल सांगत नाही. त्या बेटावर काय बघायचं, आणि त्याचा आपल्या गावाशी, आपल्या विहिरीशी, आपल्या डोंगराशी काय संबंध आहे, ते सांगते.

आधी दगडाचं बोलू. घरातला पाटा-वरवंटा, माळ्यावर टाकलेलं जुनं जातं, अंगणातलं उखळ. हा काळा दगड आला कुठून? साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तापलेला लाव्हारस बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा टोकदार डोंगर आणि त्याच्या तोंडातून आग, असं सगळीकडे नव्हतं. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरावं तसा तो रस जमिनीवर पसरत गेला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा. असे कितीतरी थर साचले. आज उरलेला हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीचे कडे लांबून बघितले तर पायऱ्या-पायऱ्या दिसतात ना? त्या पायऱ्या म्हणजेच हे थर.

तुमच्यापैकी ज्यांच्या शेतात विहीर खणली आहे, त्यांना हे थर पुस्तकाशिवाय माहीत आहेत. वर माती, मग मुरूम, मग कधी मांजऱ्या दगड, मग काळा पाषाण. मांजऱ्याला बारीक भोकं असतात. लाव्हारसातली हवा बुडबुड्यांच्या रूपाने अडकली, त्याची ती भोकं. पुढे त्यात पांढरे-हिरवट खडे तयार झाले. पाणी साठतं ते दगडाच्या भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून एकीच्या विहिरीला पाणी लागतं आणि बांधापलीकडच्या विहिरीला लागत नाही. आपली काळी कसदार जमीनही हाच दगड झिजून झालेली. तेव्हा ज्वालामुखीचा दगड लांब कुठे नाही. आपण त्यावर पेरतो, आणि त्याच्यावरच चटणी वाटतो.

आता बेटाचं. ज्वालामुखीच्या दगडाची बेटं दोन तऱ्हेने होतात. एक म्हणजे समुद्राच्या तळातून ज्वालामुखीच वर येतो. आपल्या देशात असं बेट अंदमानच्या समुद्रात आहे, बॅरन बेट. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी तो. १७८७ साली त्याच्या उद्रेकाची नोंद झाली, मग दीर्घ काळ तो शांत राहिला आणि १९९१ मध्ये पुन्हा धुमसला. त्या बेटावर वस्ती नाही. जहाजातूनच ते लांबून बघतात. दुसरी तऱ्हा घारापुरीची. लाव्हारस आधीच थंड होऊन त्याची जमीन झाली, पुढे सखल भागात समुद्र शिरला आणि उंच टेकड्या तेवढ्या पाण्याबाहेर राहिल्या. मुंबई शहर असंच सात बेटांचं मिळून झालं. मी राहते ते मुलुंडसुद्धा बेटावरच आहे, साष्टी बेटावर. कसारा किंवा कर्जतकडून गाडीने येताना कळवा सोडलं की पूल लागतो आणि खाली खाडी दिसते. तिथेच तुम्ही बेटावर आलात. हीच ठाण्याची खाडी मुलुंडच्या पूर्वेला मिठागरांच्या कडेने खाली जाते आणि पुढे मुंबईच्या बंदरात, घारापुरीच्या समोर मिळते. म्हणजे मुलुंडच्या नाल्यात टाकलेली पिशवी घारापुरीच्या किनाऱ्याला लागू शकते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलुंडच्या गटातल्या बायका आणि जुन्नरकडच्या एका गावातल्या गटाच्या बायका, अशा आम्ही एकवीस जणी मिळून गेलो. कर्जाच्या पैशाला हात लावला नाही. सहलीची वेगळी वही केली होती, प्रत्येकीने दर महिन्याला थोडे थोडे टाकले आणि वर्षाने निघालो. डबे घरून घेतले. मुलुंडहून लोकलने सीएसएमटी, तिथून बसने गेटवे.

लाँचवर पाय ठेवताना जुन्नरच्या एका मावशींनी माझा दंड घट्ट धरला. म्हणाल्या, "पोरी, मला विहिरीत पोहता येतं, पण याला काठच नाही गं." मी म्हटलं, "मावशी, आधी हे जॅकेट घाला." मैत्रिणींनो, इथे जरा थांबून सांगते. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचा जीव गेला. तेव्हा जीवरक्षक जॅकेट मागून घ्यायचं, सगळ्या पट्ट्या आवळून घालायचं, साडीवर कसं दिसतं याचा विचार करायचा नाही. लाँच गच्च भरलेली दिसली तर पुढच्या लाँचची वाट बघायची. कोणी हसलं तर हसू द्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, त्यामुळे जायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. आणि सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा.

लाँच निघाली की ताजमहाल हॉटेल मागे पडतं आणि पक्षी मागे लागतात. पांढरे, टोकदार पंखांचे, ओरडत येणारे. हे कुरव. शहरात त्यांना सीगल म्हणतात. तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यात लडाख आणि तिबेटच्या उंचावरच्या तळ्यांपाशी घरटी करतो आणि थंडीत आपल्या किनाऱ्यावर उतरतो. नाव तपकिरी डोक्याचा, पण हिवाळ्यात डोकं पांढरंच दिसतं, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. लोक त्यांना शेव-कुरकुरे टाकतात आणि फोटो काढतात. ते करू नका. मासा खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं, खारवलेलं पीठ घालून आपण त्याचं भलं करत नाही. त्याला परतीचा हजारो किलोमीटरचा प्रवास करायचा असतो.

वाटेत तेलाच्या मोठ्या टाक्या असलेलं एक बेट लागतं, बुचर बेट किंवा जवाहर द्वीप. तिथे उतरता येत नाही. पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन दिसतात, आणि उत्तरेला २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. इतक्या जहाजांच्या, तेलाच्या आणि कारखान्यांच्या गर्दीत घारापुरीची दोन हिरव्या टेकड्यांची पाठ पुढे येते, तेव्हा नवल वाटतं की हे अजून उरलंय.

धक्क्यावर उतरलं की पुढे छोटी गाडी मिळते, पण तुम्ही चालत जा. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती आणि दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला होता. बहुतेक लोक नाक मुरडून पुढे गेले. आम्ही मात्र कठड्याला टेकून पंधरा मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिलो. आधी काहीच दिसत नाही. मग नजर बसली की सगळा चिखल हलताना दिसतो. एकच नांगी मोठी असलेले इवले खेकडे ती नांगी वरखाली करतात. निवट्या उड्या मारतात. निवटी हा मासा, पण ओहोटीला पाण्याबाहेर राहतो. अंग ओलं ठेवून कातडीतूनही श्वास घेतो आणि पुढच्या परांवर रेटा देत चालतो. आमच्यातली एक कोळी घरातली ताई म्हणाली, "याचं कालवण कसं होतं ते मला विचारा." तिच्याभोवती मग बराच वेळ घोळका होता.

चिखलाच्या कडेला तिवराची झाडं. त्यांच्या बुडाशी जमिनीतून पेन्सिली रोवाव्यात तशा शेकडो मुळ्या वर आलेल्या असतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळ्या वर काढून श्वास घेतं. खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं. हिरवा लांब कोंब तयार झाला की मगच तो आईपासून सुटतो आणि चिखलात रुततो. भरतीच्या पाण्यात कोवळं बी वाहून जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही सोय. या झाडांच्या मुळ्यांमध्ये कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात, आणि लाटांचा जोरही तिथेच मोडतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून महाराष्ट्रात कांदळवन तोडायला मनाई केली आहे. सरकारी प्रकल्पालासुद्धा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. तरी त्या मुळ्यांना अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आम्ही पाहिल्या. मुलुंडच्या नाल्याचं मी मघाशी सांगितलं ते यासाठी.

पुढे शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. चढवत नसेल त्यांच्यासाठी डोली मिळते. पायऱ्यांवर माकडं असतात. हातात पिशवी, बाटली, फळ काही दिसू देऊ नका आणि त्यांना खायलाही घालू नका. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की तीच माकडं पुढे हिसकावू लागतात, आणि मग सगळे माकडांनाच दोष देतात.

वर मोठं लेणं आहे. सहाव्या शतकातलं, म्हणजे सुमारे चौदाशे-साडेचौदाशे वर्षांपूर्वीचं. १९८७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. समोर तीन मुखांचा सदाशिव, जवळपास १८ फूट उंच. बाजूला अर्धनारी, एकीकडे शिवपार्वतीचं लग्न. कितीतरी मूर्तींचे पाय-हात तुटलेले आहेत, पण लग्नातल्या पार्वतीची खाली झुकलेली मान बघून आमच्या बायका हरखून गेल्या. मला तुम्हाला सांगायचंय ते मात्र दगडाचं. हे देऊळ बांधलेलं नाही. दाराशी उभं राहिलं तर मागची भिंत ३९ मीटरवर, आणि मधलं सगळं डोंगरातून दगड काढून मोकळं केलेलं. खांब आणले नाहीत, ते राखून ठेवले. हा दगड एकसारखा आणि घट्ट होता म्हणून हे शक्य झालं. मघाच्या मावशी खांबाजवळ गेल्या, तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर माझ्या जात्याचं कूळ!" त्या दिवशी इतकं नेमकं दुसरं कोणी बोललं नाही. लेण्यांजवळ दगडात खोदलेलं पाण्याचं टाकंही आहे. दगड भेगाळलेला नसेल तर तो पाणी झिरपू देत नाही, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं.

बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं, ते इथल्या एका दगडी हत्तीवरून. १८६४ मध्ये तो हत्ती इथून हलवायचा प्रयत्न झाला, तेव्हा तो फुटला. पुढे तुकडे जोडले, आणि आता तो भायखळ्याला, जिजामाता उद्यानाच्या आवारातल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहे.

जेवणं उरकल्यावर आम्ही पायऱ्यांलगत बसलेल्या बेटावरच्या बायकांशी बोललो. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही इथली तीन गावं. काकडी, कैरी, बोरं, मण्यांच्या माळा, असं विकून कितीतरी घरं चालतात. हंडे डोक्यावर घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांबरोबर पर्यटक फोटो काढतात. काढायचा असेल तर आधी विचारा आणि त्यांचे पैसे द्या, ते त्यांचं काम आहे. एका विक्रेत्या ताईला आम्ही सुट्टीचं विचारलं. ती म्हणाली, "सोमवारी लेणी बंद, तोच आमचा रविवार. त्या दिवशी बाजार, दवाखाना, बँक सगळं पाण्यापलीकडं." रात्री कोणी अडलंनडलं तर? "होडी काढायची. आधी भरती-ओहोटी बघायची, मग माणसाला न्यायचं." जुन्नरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेवटची एसटी चुकल्यावर काय होतं, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

आणि वीज? समोर मुंबई रात्रभर झगमगते, पण घारापुरीला कायमची वीज फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर. ती ताई म्हणाली, "लाईट आली आणि पहिल्यांदा उरलेली मासळी थंड ठेवता आली." स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी.

हे बेट असं उभं आहे. खाली दगड, दगडावर थोडी माती आणि झाडं, दगडातलं पाणी, काठाला चिखल, चिखलात मासळी, आणि या सगळ्यावर माणसं. यातली एक वस्तू काढली तर बाकीच्या टिकत नाहीत.

काढली तर काय होतं, ते बघायला अंधेरीला जावं लागेल. तिथे गिल्बर्ट हिल नावाची टेकडी आहे. लाव्हारस थंड होताना आकसला आणि त्याचे उभे, एकमेकांना चिकटलेले खांब तयार झाले. त्यांचा हा ६१ मीटर उंच सुळका. वर गावदेवीचं देऊळ आहे. १९५२ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पण त्याच्या आजूबाजूचा दगड खाणींनी फोडून नेला आणि आता चहूबाजूंनी इमारती त्याला भिडल्या आहेत. दगड तोच, घारापुरीचाच. एका ठिकाणी त्याच्यावर चौदाशे वर्षांनंतरही शेकडो घरं जगतात, दुसऱ्या ठिकाणी तो एकदाच विकला गेला आणि संपला.

तुमच्या गावाजवळ खडी क्रशर असेल, किंवा येऊ घातला असेल. रस्ते हवेत, घरं हवीत, तर खडी लागणारच, हे मलाही मान्य आहे. पण ग्रामसभेत तो विषय आला की बायका बहुतेक वेळा गप्प बसतात, कारण दगडाबद्दल आपण काय बोलणार असं वाटतं. आता बोलू शकता. त्या डोंगराखालच्या विहिरींना पाणी कुठल्या थरातून येतं? सुरुंग लावल्यावर त्या भेगांचं काय होईल? डोंगरावरची रानभाजी, सरपण, गुरांची वाट याचा हिशेब कोणी केला? हे प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. रोज पाणी भरणारी बाई ते सगळ्यात आधी विचारू शकते.

आणखी एक. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिच्यात बायकांना जागा द्यावी लागते. गावातली झाडं, पक्षी, मासे, औषधी वनस्पती यांची नोंदवही तिने तयार करायची असते. तुमच्या गावात ती समिती कागदावर आहे की खरी, तिच्यात कोण बाई आहे, ती नोंदवही कुठे ठेवली आहे, हे ग्रामसेवकांना विचारा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवन दाखवतात, झाडांची नावं सांगतात आणि त्यावर कमाई करतात. आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला नीट दाखवता आली, की तोही धंदा होतो.

ज्यांना घारापुरी लांब पडेल त्यांनी मुलुंडच्या बाजूला या. मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोली. तिथे वनविभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि खाडीत रोहित पक्षी दाखवायला बोट जाते. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो गुलाबी पक्षी तिथे चिखलात चोच उलटी घालून चरत असतात. भरती-ओहोटीप्रमाणे वेळा बदलतात, म्हणून आधी फोन करून विचारायचं.

निघण्याआधी एवढं बघा. जीवरक्षक जॅकेट, पाणी, डोक्याला रुमाल, कचरा परत आणायला एक पिशवी. बेटावर उतरल्याबरोबर शेवटची लाँच किती वाजता आहे ते विचारून ठेवा, कारण पर्यटकांना तिथे रात्री राहता येत नाही. आणि जमलं तर गटातल्या एखाद्या शाळकरी मुलीला बरोबर घ्या, तिच्याकडून सगळं लिहून घ्या.

जाणं जमेल तेव्हा जमेल. तोवर पुढच्या बैठकीनंतर सगळ्या जणी मिळून आपल्याच डोंगराच्या पायथ्यापर्यंत किंवा सगळ्यात खोल विहिरीपर्यंत चालत जा. कडेने थर मोजा, मांजऱ्या कुठे, पाषाण कुठे, पाझर कुठून येतो, ते बघा आणि गटाच्या वहीत मांडून ठेवा. ग्रामसभेत ती वही बरोबर असू द्या.